बिबट्या पकडाल, कचरा कोण उचलणार?

बोरिवली, मुलुंड, भांडुप, आरे किंवा ठाण्याचा घोडबंदर रस्ता. यांपैकी कुठेही बिबट्या सीसीटीव्हीत दिसला की दोन-तीन दिवसांत निवेदन तयार होतं. मसुदा ठरलेला असतो. एक, बिबट्याला ताबडतोब पकडून लांबच्या जंगलात सोडा. दोन, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला उंच भिंत घाला. तीन, बिबटे फार झालेत, त्यांची संख्या कमी करा. खाली सोसायटीच्या सह्या, वर स्थानिक लोकप्रतिनिधीचं पत्र आणि मूळ प्रत वनखात्याला. महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला प्रत पाठवायचं मात्र बहुतेकांच्या डोक्यातही येत नाही.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. या तिन्ही मागण्या चुकीच्या आहेत, आणि केवळ प्राणिप्रेमाच्या दृष्टीने चुकीच्या नाहीत. बिबट्यांबद्दल तुम्हाला काडीचंही प्रेम नसलं, तुम्हाला फक्त आपली पोरं सुरक्षित हवी असली, तरीही त्या चुकीच्या आहेत. किंबहुना पोरांची काळजी असेल तर त्या जास्तच चुकीच्या ठरतात.

पहिली मागणी घेऊ: पकडा आणि सोडा. हा उपाय कोणी करून पाहिला नाही असं नाही. महाराष्ट्राने तो भरपूर करून पाहिला आहे. जुन्नर वनविभागात फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून आजूबाजूच्या जंगलांत सोडण्याची मोठी मोहीम झाली. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा हिशेब मांडला आणि २०११ मध्ये तो शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. मोहिमेआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. माणसांच्या वस्तीतून २९ बिबटे पकडून सरासरी चाळीसेक किलोमीटरवर सोडल्यानंतर ते १७ वर गेले. हल्ल्यांतून होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाणही दुप्पट झालं. म्हणजे लोकांच्या सुरक्षेसाठी काढलेल्या मोहिमेने लोकांचेच बळी वाढवले.

मुंबईनेही याची किंमत मोजली आहे. २००२ ते २००४ या काळात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने हल्ल्यांची जी लाट आली, तिचा कळस २००४ च्या जूनमध्ये झाला. त्या एका महिन्यात दहाच्या आसपास माणसं गेली. हाच तो काळ, जेव्हा राज्यभर धडाक्याने पिंजरे लागत होते आणि इतरत्र पकडलेले बिबटे या उद्यानातही आणून सोडले जात होते. मुंबईकर ज्याला ‘लांबचं जंगल’ म्हणतो, तसंच जुन्नर-नाशिककडच्यांसाठी बोरिवली हे लांबचं जंगल होतं. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात सोडायची आणि त्याची आपल्या दारात आली की ओरडायचं, एवढाच या उपायाचा अर्थ.

असं का होतं, हे समजायला वन्यजीवशास्त्राची पदवी लागत नाही. एखाद्या भागात राहणाऱ्या बिबट्याला तिथली प्रत्येक पायवाट माहीत असते. माणसं कधी उठतात, कुठून येतात-जातात, कुत्री कुठे झोपतात, दिवसभर कुठे दडून बसता येतं, हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं असतं. त्याला पकडून अनोळखी मुलखात टाकलं की हे सगळं ज्ञान वाया जातं. पिंजऱ्याच्या गजांना धडका देऊन, चावे घेऊन त्याचे सुळे अनेकदा तुटलेले असतात. मग जखमी, बिथरलेला, वाट चुकलेला हा प्राणी तिथल्या गावकऱ्यांच्या वाट्याला येतो. आणि इकडे त्याची जागा रिकामी राहत नाही. मुंबईत खोली रिकामी झाली की भाडेकरू यायला वेळ लागत नाही, तसंच हेही. येतो तो बहुधा तरुण, नवखा, वस्तीचे रीतीरिवाज न कळणारा. म्हणजे ओळखीचा शेजारी घालवून आपण अनोळखी आणतो, आणि पत्रक काढून त्याला यश म्हणतो.

‘लांब सोडला म्हणजे गेला’ हा समजही खरा नाही. पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क नर २००९ मध्ये गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं आजोबा. त्याने सुमारे १२० किलोमीटरची मजल मारली. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ, मुंबई-आग्रा महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडून महिन्याभरात तो थेट आपल्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. त्याच्यावर मराठीत चित्रपटही निघाला, लोकांनी तो कौतुकाने पाहिला. तरीही ‘लांब सोडा’ची निवेदनं थांबली नाहीत.

मग पिंजरा लावायचाच नाही का? लावायचा, पण केव्हा, ते पुढे सांगतो. आधी पिंजरा पकडतो कोणाला ते पाहा. आत बकरी किंवा कोंबडी बांधायची, दार उघडं ठेवायचं आणि वाट बघायची. त्या रात्री त्या बाजूने जो कोणी भुकेला जाईल, तो अडकणार. हल्ला करणारा हाच होता का, हे पिंजऱ्याला कळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची उत्तम सोय झाली. संन्यासी जन्मभरासाठी जुन्नरजवळच्या माणिकडोहसारख्या निवारा केंद्रात जातो, चोर मोकळा राहतो, आणि वस्तीतले लोक ‘पकडला एकदाचा’ म्हणून निर्धास्त होऊन अंधारात पोरांना बाहेर सोडतात. पिंजऱ्याने दिलेला हा खोटा दिलासा बिबट्याइतकाच घातक असतो.

दुसरी मागणी भिंतीची. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. त्यात तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, कान्हेरीची लेणी आहेत, आदिवासींचे पाडे आहेत. बाजूला आरे आहे. उत्तरेकडे घोडबंदर रस्त्यापलीकडे नागला, पुढे खाडी ओलांडली की तुंगारेश्वर. यात भिंत नेमकी कुठे घालणार, आणि तिच्या आत कोण, बाहेर कोण? बांधकाम रोखण्यासाठी भिंत उपयोगी आहे, ती माणसांना अडवते. पण झाडावर शिकार ओढून नेणाऱ्या प्राण्याला कंपाउंड वॉल अडवेल अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी आपल्याच सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण पुन्हा पाहावं. बिबट्या त्यात बहुतेक वेळा भिंतीवरूनच येताना किंवा जाताना दिसतो.

तिसरी मागणी संख्येची. कॅमेरे लावून झालेल्या शास्त्रशुद्ध गणनेत २०१५ मध्ये उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे नोंदले गेले. २०१८ मध्ये ४७, आणि २०२४ च्या गणनेत ५४. गणनेचं क्षेत्र थोडं कमी-जास्त झालं असेल, पण संख्या घटलेली नाही हे नक्की. बिबटे वाढले की बळी वाढतात, हे गणित खरं असतं तर २००४ चा जून आतापर्यंत कित्येकदा परत यायला हवा होता. हल्ले झाले, मृत्यूही झाले, ते मी लपवत नाही. पण तसा महिना पुन्हा आलेला नाही. अकोले तालुक्यातल्या एका शेतीपट्ट्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथे चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात, जंगल नाही, सगळी शेती. तरी अत्रेय यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि अभ्यासाच्या काळात त्यांनी एकही माणूस मारला नाही. धोका संख्येवरून ठरत नाही. बिबट्या आणि माणूस कुठे, कोणत्या वेळी, कशा अवस्थेत समोरासमोर येतात, त्यावर तो ठरतो.

आता दुसऱ्या बाजूचा समाचार घेतला पाहिजे, कारण तिथेही एक तयार वाक्य आहे: ‘बिबटे आपल्या घरात आले नाहीत, आपणच त्यांच्या घरात घुसलो.’ प्रत्येक घटनेनंतर हे वाक्य फोनवरून फिरतं, त्याला हात जोडलेल्या खुणा चिकटतात आणि पाठवणाऱ्याला हलकं वाटतं. पण यातला ‘आपण’ कोण? आरेतल्या सत्तावीस पाड्यांतले वारली, मल्हार कोळी, कोकणा हे राष्ट्रीय उद्यान आखण्याच्या आधीपासून तिथे आहेत. ते कोणाच्या घरात घुसले? वाघोबाला त्यांनी देव मानलं, त्याची ठाणी उभी केली, वर्षातून एकदा त्याला मान दिला. शेजार कसा पाळायचा हे त्यांना आपल्या पत्रकाची गरज न पडता माहीत आहे. ‘जंगलाच्या कुशीत तुमचं स्वप्नातलं घर’ अशी जाहिरात वाचून, नॅशनल पार्क व्ह्यूसाठी जादा दर मोजून बाविसाव्या मजल्यावर राहायला गेलेल्यांनी हा ‘आपण’ सोयीने वापरू नये. अपराधाची कबुली ते देतात आणि त्याची शिक्षा भोगतं पाड्यातलं मूल. २०२२ च्या दिवाळीत आरेत दीड वर्षाचीही नसलेली मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. तिच्या आईला ‘आपण त्यांच्या घरात घुसलो’ हे तोंडावर म्हणून दाखवण्याची हिंमत कोणाची आहे?

हे वाक्य आणि ती तीन मागण्यांची यादी वरवर पाहता एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण दोघांचा फायदा एकच. दोन्हींत कोणालाच उठून काही करावं लागत नाही. एका बाजूने वनखात्याला पत्र लिहिलं की संपलं, दुसऱ्या बाजूने नियतीला हात जोडले की संपलं. मधलं जे खरं काम आहे, ते कंटाळवाणं आहे, त्यात फोटो निघत नाहीत, म्हणून ते कोणालाच नको आहे.

ते काम काय, हे पाहायला आरेच्या किंवा भांडुपच्या कडेच्या कुठल्याही कचऱ्याच्या जागेपाशी रात्री दहाला उभं राहा. कुंडी भरून वाहते आहे. चिकनच्या दुकानातला पिसं-आतड्यांचा, काळ्या पिशवीत बांधलेला कचरा बाजूलाच टाकलेला आहे. कुंडीभोवती कुत्री, कुठे डुकरं. दिवा एक तर नाही, नाहीतर आहे तो बंद. पंधरा-वीस पावलांवर झाडी सुरू होते. आणि त्याच कुंडीच्या बाजूने वस्तीतल्या बायका आणि मुलं शौचालयाकडे जातात, कारण घरात शौचालय नाही आणि सार्वजनिक आहे ते तिथे, टोकाला. बिबट्याला बोलावण्यासाठी आणि माणूस त्याच्या समोर आणण्यासाठी याहून पक्की व्यवस्था कोणी मुद्दाम करू म्हटलं तरी करता आली नसती.

बिबट्या माणसाच्या शोधात येत नाही, कुत्र्यासाठी येतो. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचाच वाटा सर्वांत मोठा निघाला. मुंबईचे बिबटे वर्षाला अंदाजे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे आणि रेबीजचे प्रकार कमी होतात, असा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याचे समर्थक तो मोठ्या उत्साहाने पुढे करतात. आकडा मी नाकारत नाही, त्यावरचा आनंद मात्र नाकारतो. हिशेबात तो कुत्रा हा एक आकडा असतो, प्रत्यक्षात तो कोणाच्या तरी उंबऱ्यासमोर झोपलेला असतो. त्याच उंबऱ्यावर दोन वर्षांचं मूल बसतं. उकिडवं बसलेलं माणूस किंवा लहान मूल बिबट्याला अंधारात माणूस म्हणून कळेलच असं नाही. उद्यानाच्या कडेचे बळी पाहा, त्यांत मुलं किती आणि उघड्यावर शौचाला बसलेले किती.

यावर एक प्रश्न हमखास येतो: कुत्री कमी झाली तर बिबटे माणसांवर घसरतील ना? नाही. एका रात्रीत कुत्री नाहीशी करा असं कोणीच म्हणत नाही. कचरा उचलला, निर्बीजीकरण सातत्याने झालं, तर ती हळूहळू कमी होतात आणि वस्तीच्या टोकापासून आत सरकतात. उद्यानात चितळ आहेत, सांबर आहेत, माकडं आहेत. बिबट्याला उपाशी मारायचा बेत इथे नाही, त्याचं ताट आपल्या अंगणातून उचलायचं आहे.

आता सांगा, कचरा, दिवे, शौचालय, कुत्री, मांसविक्रीचे परवाने, यातलं काय वनखात्याच्या हातात आहे? काहीही नाही. आरेची बरीचशी जमीन दुग्धविकास खात्याच्या ताब्यात, कचरा महापालिकेचा, बिबट्या वनखात्याचा आणि मेलेलं पोर कोणाचंच नाही, अशी ही वाटणी आहे. २०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू झाला. वनाधिकारी, संशोधक, नागरिक, पोलीस आणि पत्रकार एका टेबलावर आले. वस्त्यांत जाऊन समजावणं झालं, बातम्या कशा द्याव्यात यावर पत्रकारांशी बोलणं झालं, सरसकट पिंजरे लावायचा हट्ट मागे पडला. यशाचा एक रस्ता याच शहरात आखून झालेला आहे. त्यावर पुढे चालायचं काम महापालिकेचं आहे, आणि तिच्याकडे कोणी ते मागत नाही.

दुसरी गोष्ट गर्दीची. बिबट्या दिसला की धोका बिबट्यापासून सुरू होतो अशी आपली समजूत आहे. पुण्याने याचं उत्तर २०२० मध्ये दिलं. ९ डिसेंबरच्या सकाळी कोथरूडमध्ये महात्मा सोसायटीच्या परिसरात एक गवा शिरला. थोड्याच वेळात शेकडो माणसं मोबाइल उंचावून त्याच्या मागे धावत होती. तो गल्लीतून गल्लीत पळाला, फाटकांना धडकला, रक्तबंबाळ झाला, तोंडाला फेस आला. बेशुद्ध करून, जाळ्यात धरून नेईपर्यंत त्याने जीव सोडला. मग रडारड, मेणबत्त्या, माफीचे फलक. पण पुढचा भाग कमी लोकांना आठवतो. दोन आठवड्यांत, २२ डिसेंबरला, बावधन-पाषाणच्या बाजूला दुसरा गवा आला. या वेळी पोलिसांनी माणसांना लांब ठेवलं, वनखात्याने गव्याला वाट मोकळी करून दिली आणि तो आपल्या पायांनी जंगलात परत गेला. तेच शहर, तोच महिना, तोच प्राणी. बदलली ती फक्त गर्दी.

गव्याच्या जागी बिबट्या असता तर पहिल्या प्रसंगात दहा-वीस माणसं जखमी झाली असती आणि दुसऱ्या दिवशी मथळा आला असता, बिबट्याचा हैदोस. कोंडलेला, चहूबाजूंनी वेढलेला प्राणी बाहेर पडण्यासाठी जे करतो, त्याला आपण हल्ला म्हणतो. केंद्र सरकारने २०११ मध्येच बिबट्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. गर्दी आवरणं हे पोलिसांचं पहिलं काम आहे आणि पकडून दुसरीकडे सोडणं टाळायचं आहे, हे त्यात स्पष्ट आहे. बिबट्या इमारतीत शिरला तर दार लावून घ्या, लोकांना लांब करा, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. बहुतेक वेळा तो आला तसा निघून जातो. यात व्हिडिओ मिळत नाही, एवढंच नुकसान.

राहिला पिंजऱ्याचा प्रश्न. एखादा बिबट्या पुन्हा पुन्हा माणसांवर चालून येत असेल, तर त्याला पकडलंच पाहिजे, आणि पकडणं अशक्य झालं तर मारलंही पाहिजे. त्यावर माझी हरकत नाही, कायद्याचीही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत ठेवलं, पण माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याबाबत कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांना तसा अधिकारही दिला. अट एवढीच की तो धोकादायक आहे हे लेखी कारणांनिशी ठरलं पाहिजे. त्यासाठी आधी कॅमेरे लावा, अंगावरचे ठिपके ताडून नेमका कोण ते ओळखा, मग त्यालाच पकडा. ‘दिसला म्हणून पकडा’ आणि ‘मारतोय म्हणून पकडा’ यांतला फरक न कळणाऱ्याच्या हाती पिंजरा देऊ नये.

या सगळ्यानंतरही धोका शून्य होणार नाही. तसं आश्वासन जो देतो तो खोटं बोलतो. मुंबईत रोज लोकल पकडणाऱ्या माणसाला शून्य धोक्याची गोष्ट सांगायला नको. पण लोकलखाली माणूस गेला की आपण गाड्या उचलून लांब सोडा म्हणत नाही, पादचारी पूल मागतो. बिबट्याच्या बाबतीतही पूलच मागायला हवा, आणि तो कोणाकडे मागायचा हे कळायला हवं.

तेव्हा पुढचं निवेदन जरूर काढा, पण पत्ता बदला. वॉर्ड ऑफिसला लिहा. वस्तीच्या कडेची कुंडी रोज संध्याकाळच्या आत रिकामी झाली पाहिजे. मांसाचा कचरा उघड्यावर टाकणाऱ्या दुकानाचा परवाना रद्द झाला पाहिजे. पाड्याच्या प्रत्येक वाटेवर चालू दिवा आणि प्रत्येक घराजवळ शौचालय हवं, बिबट्या असो वा नसो. कुत्र्यांचं निर्बीजीकरण कागदावर नको, आमच्या गल्लीत दाखवा. आणि स्वतःसाठी दोनच नियम पाळा: अंधार पडल्यावर लहान मूल एकटं बाहेर नाही, आणि बिबट्या दिसला की त्याच्यामागे मोबाइल घेऊन धावायचं नाही. वनखात्याला प्रत माहितीसाठी द्या. ज्या दिवशी महापालिकेच्या अधिकाऱ्याला बिबट्याच्या प्रश्नावर उत्तर द्यावं लागेल, त्या दिवसापासून पाड्यातलं मूल थोडं अधिक सुरक्षित होईल. त्याआधी कितीही पिंजरे लावा, होणार नाही.